उमलण्याआधी बांधलेली फुलं

नाना, माझ्या लेकीने आज विचारलं, आजोबा काय काम करायचे? मी म्हटलं, कापसाची फुलं उमलू द्यायचे नाहीत. ती हसली. पण होतं तर तसंच ना? उद्या उमलणारी कळी तुम्ही आदल्या संध्याकाळीच ओळखायचात आणि टोकाला दोरा बांधायचात, म्हणजे मधमाशी शेजारच्या ओळीतला पराग आणून वाण बाटवणार नाही. आईची शिवणाची रिळं संशोधन केंद्राच्या शेतात संपायची, आणि ती उसवलेला परकर पुढे करून विचारायची, आता हा कशाने शिवू?

मग सुरतेत ते प्लेगचं वर्ष आलं. गोडादऱ्यात आपल्या गल्लीतले माग बंद पडले, घराघराला कुलपं लागली. आई नाकाला रुमाल बांधून बोचकी भरते आहे आणि तुम्ही दारात उभे आहात. खानदेशातला जुना देशी कापूस, डब्यातलं बी म्हातारं झालेलं, पेरलं त्यातली जेमतेम एक ओळ उगवलेली, आणि ती नेमकी आत्ता फुलावर. मजूर गावी गेलेले. दोरे बांधले नाहीत तर शुद्ध बी पुन्हा मिळायचं नाही, असं तुम्ही शांतपणे सांगता. आई कडाडली, "मानसं गाव सोडी पयी राह्यनात, नि तुम्ही फुलं बांधतस?" तुम्ही आम्हाला उधन्याच्या स्टेशनात गाडीत बसवलंत, खिडकीतून माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि माघारी वळलात. नंदुरबार येईपर्यंत आईने नाकावरचा रुमाल सोडला नाही. मामाच्या ओट्यावरून मी रोज रस्त्याकडे बघायचे. सुरतेहून आलेल्या माणसाजवळ कुणी फिरकत नव्हतं, तुमची खबर विचारणार कुणाला?

शेवटी तुम्ही आलात, धडधाकट, दाढी वाढलेली. "वाण राहिला," एवढंच बोललात. आईने तोंड फिरवलं आणि भाकरी थापायला घेतली. त्यानंतर तुम्ही पुष्कळ जगलात, त्याबद्दल तक्रार नाही.

मागच्या हिवाळ्यात मी केंद्रात गेले होते. तुमचा कापूस उभा होता. कमी पाण्यात तग धरतो म्हणून आता त्याच्यावरून नवे वाण काढताहेत. तिथली एक तरुण शास्त्रज्ञ म्हणाली, तुम्हाला अभिमान वाटत असेल. वाटला, नाना, ऊर भरून आला. तुमचं बरोबर होतं हे मी कुणालाही भांडून पटवीन. पण हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून लिहिते: त्या दिवशी तुम्ही गाडीत चढायला हवं होतं. तो वाण गेला असता तरी मला चाललं असतं.