उल्काच्या दंडावरची देवी

३ मे १९५९, श्टुटगार्ट

नात काचेपलीकडून बघायची, ही कुठली रीत! हात लावायचा नाही, मांडीवर घ्यायचं नाही. नर्स मला बोट दाखवून गप्प करते. तिच्या आजीच्या वयाची आहे मी.

उल्काला देवी टोचल्या. इथे सगळ्याच पोरांना टोचतात, कायदाच आहे. हिचं आजारपणामुळे लांबलं होतं. इतरांचा फोड सुकतो. हिचा सुकेना, पसरत कोपरापर्यंत आला. डॉक्टर माझ्या लेकाला, दत्तूला म्हणाले, हिच्या अंगात रोगाशी लढायचं बळ जन्मापासूनच कमी. लसच हिला खातेय. सारखे ताप, कान फुटणं — सगळं त्यातलंच म्हणे. टोचायच्या आधी कुणाला कळलं नाही.

४ मे

फोडणी बंद केली. घरात देवी आल्या की तेल तापवायचं नाही. दत्तू म्हणतो, आई, ही गाईच्या देवीची लस, ती देवी नव्हे. एवढा पीएचडी करतोय! गाईची का होईना, देवीच ना? मुकाट्यानं दहीभात खा म्हटलं. खाल्ला.

सून रडत होती — मीच नेलं टोचायला, म्हणून. म्हटलं, "वसुधा, कायदा तू केलास का? मग डोळे पूस."

७ मे

आज मजा! नुकत्याच देवी टोचलेल्या माणसाचं रक्त हवं होतं. त्यातलं पाणी काढून पोरीला द्यायचं, म्हणजे लढायला उसनं बळ. दत्तू मला समजावतोय तोवर मी पोलक्याची बाही वर केली. बोटीवर चढायच्या आधी मुंबईत टोचलंय, व्रण अजून लाल! डॉक्टर वाकून "गेनाऊ, गेनाऊ" — बरोब्बर, बरोब्बर — करत राहिले. मग वय विचारलं. दत्तू खरं सांगायला निघाला. त्याच्या पायावर पाय दिला.

८ मे

घेतलं रक्त. माझं, एका नर्सचं, आणि दत्तूबरोबर शिकणाऱ्या श्रीरंगचं — तोही नुकताच आलाय. नंतर बिस्किट दिलं. एकच.

१२ मे

पोरीला ते पाणी दिलं, तरी फोड तसाच. झोप नाही.

१४ मे

खालची घरमालकीण, फ्राऊ केलर, वर आली. एरवी फोडणीचा वास खाली पोचला की झाडूच्या दांड्यानं छत ठोकते. आज विचारत होती, वास का नाही, पोरगी कुठाय. दत्तूनं सांगितलं. नाक पुसत जिना उतरली. वाटली तेवढी वाईट नाही बाई. थोडी कमी.

१९ मे

कडा सुकायला लागल्या! आणि आमची बया उठून बसली, काचेला नाक लावून ओरडली, "ओमा, पेंग-पेंग?" मोहरी तडतडते ना, ती हिची पेंग-पेंग. आजी म्हण, आजी म्हण करून घसा कोरडा केला, तरी ओमाच. म्हणू दे. वसुधा किती दिवसांनी हसली. मीही. भिंतीकडे तोंड करून.

३१ मे

खपली पडली. यापुढे दर महिन्याला बळाचं इंजेक्शन, आणि देवी पुन्हा कधीही टोचायची नाही. कायदा आला तरी नाही, डॉक्टर म्हणाले. कायदा आला तर मी आहेच.

४ जून

उल्का घरी. मांडीवर बसलीय, धड लिहू देत नाही. मघाशी मोहरी टाकली — पेंग-पेंग! लगेच खालून झाडूचा दांडा. ठोक बाई, ठोक! घरात सगळ्यांना बजावलंय, कुणी जागचं हलायचं नाही. उत्तर उल्काच देईल. पाय आपटून.