जजबाईच्या आजीचा ओवसा

॥ श्री ॥
परळ, ता. १७ ऑगस्ट २०२५

चि. श्रेयाला आजीचे आशीर्वाद. वि. वि.

फोनवर बोलायची सोय नाही. मी खोलीत बोलते ते गॅलरीच्या टोकाला हितेंद्रला ऐकू जातं आणि तो आपलं मतही देतो. म्हणून चौथीपर्यंतच्या अक्षरात लिहिते, सांभाळून घे.

तुझा भाऊ काल येऊन गेला. विनीत म्हणाला, इथल्या काचेच्या टॉवरातली वकिलांची कंपनी तुला बोलावते आहे, जजच्या पगाराच्या तिप्पट देते, आणि तू त्यांना दसऱ्यापर्यंत सांगते म्हणालीस. मला कळवलं नाहीस ते. मी काय पेपर आहे, छापून वाटायला?

यावरून गॅलरीत मोठी कचेरी भरली. हितेंद्रचं म्हणणं, जजांना घर, गाडी, शिपाई, वर आणखी पगार कशाला वाढवायचा. मी म्हटलं, मेल्या, चाळीच्या बांधकामाची केस लोंबकळते म्हणून रोज बोंबलतोस, आणि ती ऐकणाऱ्याने काय हवा खाऊन बसायचं? विनीत उलट म्हणतो, पोट भरलेला माणूस विकला जात नाही. तेही मला पटत नाही. या परळातल्या मिलच्या जमिनी काय उपाशी माणसांनी विकल्या? पगार वाढवावा, तो तुझ्यासारखी शिकलेली पोरं टिकावीत म्हणून. इमान काय पगाराबरोबर येत नाही.

तुझं तू ठरव. गौरींना येणार असलीस तर कळव. नसलीस तर खोटी कारणं लिहू नको. तब्येतीला जप, आशीर्वाद आहेतच.

तुझी आजी,
जाईबाई

कासारखेड, ता. २३ ऑगस्ट २०२५

ती. आजीस श्रेयाचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. अक्षर माझ्या स्टेनोपेक्षा बरं आहे. म्हणजे स्टेनो असता तर. ती जागा रिकामी आहे, साक्षी मीच टाइप करते.

कंपनीचं मुद्दाम लपवलं नाही. तुला सांगितलं की तू काहीतरी बोलणार आणि मग मला ते खरं वाटणार, म्हणून टाळलं. पैसा नको असं म्हणत नाही, क्वार्टरचं छप्पर गळतं तेव्हा फार हवा वाटतो. पण त्याहून जास्त कंटाळा एकटेपणाचा आला आहे. इथे मी कुणाच्या घरी जेवत नाही, लग्नाला जात नाही. भाजीसुद्धा शिपायाला आणायला सांगते, मी गेले की भाजीवाली पैसे घेत नाही. गावात मला नावाने हाक मारणारं कुणी नाही.

तरी एक काम हातावेगळं करायचं आहे. गावाबाहेर दगडाची खाण आहे. तिच्या सुरुंगांनी गंगुबाई म्हणून एका म्हातारीच्या घराला भेगा गेल्या. सुरुंग थांबवा म्हणून ती कोर्टात आली आहे. खाणवाल्याने हे काम माझ्याकडून काढून घ्यावं म्हणून दोनदा अर्ज केले, दोन्ही फेटाळले गेले. सुनावणी संपली, गणपतीच्या सुट्टीनंतर निकाल द्यायचा आहे. तो लिहायचा असल्याने येत नाही. हे कारण खरं आहे.

माझं नाव सांगून कुणी आलं तर दारातूनच परत पाठव. पेढासुद्धा घेऊ नकोस. गुडघ्याला तेल लावतेस ना? माया आहे तशी राहू दे.

तुझी,
श्रेया

॥ श्री ॥
परळ, ता. ३ सप्टेंबर २०२५

चि. श्रेयाला आशीर्वाद. वि. वि.

गौरी काल गेल्या. आता पुढचं बसून वाच.

तू लिहिलंस तसं मी वागले. एक सफारीवाला मिठाई घेऊन आला होता, जजमॅडमचं घर हेच का म्हणाला. त्याला जिन्यावरूनच परत लावला. पण पूजेच्या दिवशी दुपारी एक नवी नवरी आली. हिरवा चुडा, डोक्यावर पदर, हातात ओवशाची सुपं. म्हणाली, मागच्या चाळीत दिलेली आहे, सासूबाई गावी आहेत, इथे वडीलधारं कुणी नाही, तुमच्या गौरीपुढे ओवसा करू का. तुझं नाव तिने काढलं नाही. सुपं गौरीपुढे ओवाळली, एक माझ्या हातात दिलं आणि पाया पडली. ओवशाचं सूप परत करायचं म्हणजे पोरीच्या संसारावर पाणी ओतायचं. आपल्यात कुणी केलंय का तसं? घेतलं. वर शंभराची नोट तिच्या हातावर ठेवली, सुखाने नांद म्हटलं. बरोबरची बाई गौरीचे फोटो काढत होती.

काल सूप रिकामं केलं. काकडी, केळी, पानसुपारी काढली तर हळदीच्या पानांखाली सोन्याची चेन. चांगली जाड.

मागच्या चाळीत घरोघर जाऊन आले. अशी सून कुणाकडेच नाही.

विनीत म्हणतो, गुपचूप देवळाच्या पेटीत टाक, कुणी बघितलं नाही. मी म्हटलं, फोटोवालीने काय डोळे मिटून फोटो काढले? चेन तशीच ठेवली आहे. काय करू ते लगेच कळव. मला फसवलं याचा राग आहेच. पण देवाच्या रीतीत हात घालून फसवलं, त्याचा जास्त आहे.

जाईबाई

कासारखेड, ता. १२ सप्टेंबर २०२५

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राच्या आदल्या दिवशी पाकीट आलं. आत फोटो होता. सूप तुझ्या हातात, पानांच्या कडेने चेनचं टोक ओढून बाहेर काढलेलं. फोटो गौरीचा नव्हताच, मला पाठवायला काढला होता.

दुसऱ्या दिवशी तुझं पत्र येताच दोन्ही घेऊन जिल्हा न्यायाधीश साहेबांकडे गेले आणि सगळं लिहून दिलं. साहेब नागपूरकडचे. ओवसा म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं, की नवी सून सुपांत फळंपानं भरून गौरीला आणि थोरामोठ्यांना देते आणि थोरांनी ते घ्यायचंच असतं. त्यांनी नीट ऐकलं. मग म्हणाले, माझा विश्वास आहे, पण काम आता तुमच्याकडे ठेवता येणार नाही. चौकशी होईल. चेन न्यायला पोलीस येतील, खरं तेच सांग.

आजी, खाणवाल्याला मला विकत घ्यायचंच नव्हतं. मला खाणीच्या कामातून बाजूला काढायचं होतं, ते त्याने केलं. काम गेलं ते दुसऱ्या कोर्टात, तिथे पुढची तारीख जानेवारीची. माझा निकाल लिहून तयार होता, तो आता कुणीच वाचणार नाही. सुरुंग रोज उडतात, इथे माझ्या टेबलावरचा ग्लास हलतो. गंगुबाई काल कोर्टाच्या ओट्यावर बसून होती. माझ्याकडे बघून तिने तोंड फिरवलं. तिला कुणीतरी सांगितलं असणार की जजबाईला सोनं पोचलं.

विनीत फोनवर म्हणाला, पगार मोठा असता तर हे घडलं नसतं. घडलं असतं, चेन आणखी जाड असती इतकंच. कंपनीला नाही म्हणून कळवलं. आता सोडून गेले तर आपण सोनं घेतलं असंच ठरेल. थोरपणा वगैरे काही नाही, जायला रस्ता नाही म्हणून राहिले आहे. तुझ्यावर राग नाही, तू वाईट वाटून घेऊ नकोस.

श्रेया

॥ श्री ॥
परळ, ता. २१ सप्टेंबर २०२५

चि. श्रेयाला आशीर्वाद. वि. वि.

पोलीस येऊन गेले. चेन वजन करून पाकिटात घातली, पाकिटाला लाख लावली. त्यातला एक अंगठा द्या म्हणाला. मी सही केली, वेळ लागला तरी. गॅलरी माणसांनी भरली होती. हितेंद्रला पंच म्हणून बोलावलं तर त्याला अचानक दादरला काम निघालं. दोन दिवस नळावर मी गेले की बायका बोलायच्या थांबतात. थांबू देत, पाणी लवकर मिळतं.

कंपनीला नाही म्हटलंस, ते वाचलं. शाबासकी देत नाही. राहायचंच होतं तर त्या बाईचा निकाल देऊन राहिली असतीस, ते बरं झालं असतं. ते माझ्या हातून गेलं. रडून काही होत नाही, म्हणून रडत नाही.

आता एक सांगते, ते हुकूम समज. मी यात साक्षीदार आहे. नात जज, आजी साक्षीदार, आणि दोघींची पत्रं चालू, म्हणजे उद्या तो खाणवाला म्हणणार, म्हातारीला पढवली. तेव्हा यापुढे मला लिहू नको. विनीतकडून निरोप धाडू नको. दिवाळीला येऊ नको. तुझं पत्र आलंच तर मी न फोडता परत लावीन, पोस्टमनला सांगून ठेवलं आहे.

पोलीस म्हणाला, आजी, तुमचं वय बघून साक्ष लवकर घेतील. पण तुमच्या कोर्टाच्या तारखा कशा लांबतात ते मला माहीत आहे. आधी साक्ष होते की आधी मी जाते, ते सांगता येत नाही. मी गेले तर विनीत कळवील. तेव्हा ये. तेव्हा मी साक्षीदार नसेन.

लोभ आहे, तो न लिहिताही राहील.

जाईबाई