गंज फायद्यात लिहू की तोट्यात?

तीर्थस्वरूप दादा,

साष्टांग नमस्कार. (साष्टांगातलं एक अंग, म्हणजे डावा गुडघा, सध्या नीट वाकत नाही. कारण पुढे येईल.) बाकी माझी प्रकृती उत्तम. तुझी पाठ कशी आहे? वहिनींना सांग, त्यांनी दिलेली शाल अजून घडीतच आहे. इथे थंडी नाही, दमटपणा आहे, आणि शाल पांघरल्याने तो वाढतो.

निघताना तू बजावलं होतंस, की वहीच्या पानावर मधोमध रेघ मार, एकीकडे इथे राहायला येण्याचे फायदे लिही, दुसरीकडे तोटे, आणि आठ दिवसांनी कळव. रेघ मारली. (पट्टीने.) पण पहिल्याच दिवशी गाडं अडलं. या शहरात सगळ्याला गंज चढतो. खिडक्यांचे गज, सायकलींच्या साखळ्या, दारांच्या बिजागऱ्या, आणि अर्थातच कुलपं. ज्या म्हाताऱ्या किल्लीवाल्यांनी हाताखाली माणूस हवा म्हणून आपल्याला कळवलं, त्यांच्या दुकानासमोर सकाळपासून लोक अडकलेली कुलपं घेऊन उभे असतात. म्हणजे आपल्यासारख्यांना गंज हा फायदा. पण त्यांच्या कानशीसुद्धा गंजतात, आणि निम्मा दिवस आपलीच हत्यारं घासण्यात जातो. म्हणजे तोटा. शेवटी तो शब्द मी रेघेवरच लिहून ठेवला आहे.

समुद्राबद्दल मला वाटलं होतं, की तो एका जागी असतो. तसं नाही. सकाळी किनाऱ्यावरच्या भिंतीपासून पाण्यापर्यंत दोनशे बारा पावलं भरली, दुपारी चाळीस. मधलं पाणी कुठे जातं, असं एका भाजीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "परत येतं ना? मग झालं तर." काडेपेटी तिसऱ्या काडीला पेटते. मीठ चमच्याला धरून बसतं. खोलीचं दार सकाळी लागत नाही आणि दुपारी उघडत नाही. (हे कुठल्या बाजूला लिहायचं?)

इथल्या गंजाबद्दल ऐकलं होतं, म्हणून अंदाजाने लिहिण्यापेक्षा प्रयोग करावा, असं निघण्याआधीच ठरवून मी आपल्या दुकानातून एकाच जातीची सहा नवी कुलपं आणली होती. एकाला शिवणयंत्राचं तेल, एकाला ग्रीस, एकाला मेण, एकाला खोबरेल, एकाला पेन्सिलीच्या शिशाची पूड, एक कोरडं. प्रत्येकाला तारीख घातलेली चिठ्ठी. कुलूप लावूनच टांगायचं, नाहीतर उघड्या कडीच्या भोकातून हवा शिरते आणि तुलना बरोबर होत नाही. किल्ल्या मात्र घरीच ठेवल्या, कारण त्यांना इथे काही काम नव्हतं, उगाच गंजल्या असत्या. हत्यारांची पेटी त्याच कारणासाठी मागे ठेवली. हा विचार मला तेव्हा फार शहाणपणाचा वाटला.

पाच कुलपं खोलीत, मोरीत आणि खिडकीला लावून झाली. सहावं गच्चीवर, जिथे वारा थेट समुद्रावरून येतो. चौथ्या दिवशी सकाळी गेलो, तेव्हा घरमालकीण मावशी कपडे वाळत घालत होत्या. सगळ्यात जास्त वारा गच्चीच्या दाराच्या बाहेरच्या कडीला लागत होता. मी दार ओढून घेतलं, कडी घातली, कुलूप दाबलं. खट्. वेळ टिपून घेतली, सात वाजून वीस मिनिटं. तेवढ्यात मावशी रिकामी बादली घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "सरक रे, खाली जाऊ दे."

दादा, मला ते समजावून सांगायला बराच वेळ लागला. त्या म्हणाल्या, "चोराला बाहेर ठेवायला कुलूप लावतात हे ऐकलं होतं. तू मालकिणीलाच बाहेर ठेवलंस! आणि धंदा काय म्हणालास तुझा?"

मी पाइपवरून उतरायला गेलो. (पाइप गंजलेला होता. तोटा.) गुडघ्याचं ते तेव्हाच झालं. मग मावशींनी कठड्यावरून किल्लीवाल्यांच्या नावाने हाका मारल्या, आणि अर्धी गल्ली वर बघू लागली. ते जिन्याने वर आले, पण कुलूप आमच्या बाजूला, ते दाराच्या पलीकडे.

"लावलं कोणी?"

"मी."

"किल्ली?"

"घरी."

"घर?"

"एक दिवसाच्या प्रवासावर."

पलीकडून खोकल्यासारखा आवाज आला. (खोकलाच होता असं मी धरून चालतो.) मग दाराखालून दोन वाकवलेल्या तारा सरकल्या. म्हणाले, "उघड. मी पायरीवर बसतो."

खरं सांगू? आपल्या दुकानात चौथ्या मिनिटाला तुझं "बघू दे" येतं, आणि कुलूप तुझ्या हातात जातं. त्यामुळे पाचव्या मिनिटाला काय करायचं असतं, हे मला माहीतच नव्हतं. इथे मावशी खांद्यावरून "अजून किती वेळ रे?" विचारत होत्या, पण बघू दे कोणीच म्हटलं नाही. अकराव्या मिनिटाला उघडलं. (मावशी वीस सांगतात.) किल्लीवाल्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चिठ्ठी वाचली, तेल कुठलं विचारलं, उरलेली पाच कुलपं खाली जाऊन पाहिली, आणि जाता जाता म्हणाले, "सोमवारपासून ये."

मी हो म्हटलेलं नाही. तुला विचारल्याशिवाय ठरवणार नाही. शनिवारी निघतो, रविवारी घरी पोचेन. वहिनींना नमस्कार, तुझ्या धाकटीला पापा.

तुझा आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. वर शनिवारी निघतो असं लिहिलं आहे. ते खोडलं असतं, पण पान खराब दिसलं असतं. कुलपांचा प्रयोग सहा महिन्यांचा आहे, आणि चिठ्ठ्या वाचायला इथे कोणीतरी हवं. म्हणून किल्ल्या पाठवायची घाई नाही. हत्यारांची पेटी मात्र लगेच पाठव, ग्रीस भरपूर लावून.

आणखी एक. दुकानात शेजारी बसून काम करताना "तुझ्या कोपराने माझं कोपर झिजलं" असं तू म्हणायचास, ते मस्करीत की खरं, हे मी कधी विचारलं नाही. आता तुझं स्टूल मधोमध घे, ऐसपैस बस. माझं मात्र कोणाला देऊन टाकू नकोस. भिंतीला लावून ठेव. त्याला तिथे गंज चढणार नाही.