ओटीपी कोणालाही सांगू नये

१५ फेब्रुवारी
शीतलची बारावीची परीक्षा चालू आहे. पुढे बीबीए करायचं म्हणते. हरकत नाही, पण कॉलेज मी निवडणार. जाफराबादेत वीस वर्षं बियाण्यांचं दुकान चालवतोय. खोटं बियाणं पिशवीबाहेरून ओळखतो, तिथे कॉलेज काय चीज आहे. संकल्प: सगळ्या बीबीएंचा तुलनात्मक तक्ता. महिन्याभरात.

१९ फेब्रुवारी
पाच कॉलेजांची माहितीपत्रकं आली. पाचही ठिकाणी प्लेसमेंट शंभर टक्के. इथेच पकडले. सोयाबीनच्या पिशवीवरसुद्धा उगवण सत्तर टक्के लिहितात. शंभर लिहिणाऱ्याला मी दुकानाची पायरी चढू देत नाही. पाचही बाद. तक्ता कोरा आहे, पण स्वच्छ आहे.

२२ फेब्रुवारी
अनोळखी नंबरांवरून फोन. गोड आवाज. सर, शीतलचं ॲडमिशन कुठे करताय? यांना नाव कुठून कळलं? शीतल म्हणाली, पप्पा, माहितीपत्रकं मागवताना तुमीच दिल्तं. दिलंही असेल. तिने नंबर ब्लॉक कसा करायचा ते शिकवलं. फार सोपं आहे. दुपारपर्यंत सगळ्या कॉलेजांची तोंडं बंद.

१ मार्च
समोरच्या दुकानातला सोमेश्वर चहाला आला. म्हणाला, भुजंगराव, बीबीएला आता सीईटी लागती, फॉर्म भरला का पोरीचा? मी आमच्या आदिनाथचा भरून राह्यलो. म्हणजे याच्या पोरालाही बीबीएच करायचंय. आता कळलं. बी.कॉम.ला कधी सीईटी लागली होती, की बीबीएला लागेल? मला भलतीकडे पळवून हा मोक्याची सीट मारणार. मी म्हणालो, केव्हाच भरला.

५ मार्च
सोमेश्वरची अफवा आमच्या घरापर्यंत पोचली. शीतल दुकानात येऊन म्हणाली, सीईटीचा फॉर्म भरून राह्यले, तुमच्या मोबाइलवर ओटीपी आला आसंल, जल्दी सांगा. रोज सगळीकडून बजावतात, ओटीपी कोणालाही सांगू नका. कोणालाही म्हणजे कोणालाही. त्यात मुलगी वगळलेली नाही. नाही सांगितला. म्हणाली, पप्पा, तुमी बिलकुल ऐकूनच घेत न्हाई. घरी जाऊन आईचा फोन घेतला आणि गच्चीवर गेली. विषय संपला.

१० एप्रिल
विषय संपलेला दिसत नाही. शीतल आणि मीना कुजबुजतात. मी आलो की एकदम भेंडीच्या भावावर येतात. शीतलने पांढऱ्या पडद्यासमोर फोटो काढून घेतले. कपाटातून माझा शाळा सोडल्याचा दाखला गायब. मीना म्हणते, आसंल कुठंतरी. बायको इतक्या शांतपणे बोलली की समजावं, पाणी मुरतंय.

२९ एप्रिल
दोघी सकाळच्या एसटीने जालन्याला. कारण काय, तर कौसल्यामावशीचे गुडघे दुखतात. मी मावशीच्या घरी फोन केला. मावशी बाजारात गेलेली. पायी.

९ जून
दोघी या आठवड्यात दुसऱ्यांदा चौकातल्या मिथुनच्या ई-सेवा केंद्रात. मी समोरच्या टपरीवर पेपर आडवा धरून बसलो. फोटो, आधार, जन्मतारखेचा पुरावा, रहिवासी दाखला, सगळं टेबलावर मांडलेलं. हे सगळे कागद एकाच कामाला लागतात. रजिस्टर लग्नाला. मिथुन बिनलग्नाचा आहे. पोरगा तसा कामाचा आहे, पण प्रश्न तो नाही. घरी येऊन ताट बाजूला सारलं. माझ्या पोरीला मला काहीच सांगावंसं वाटलं नाही, याचं फार वाईट वाटलं.

१० जून
केंद्रात शिरलो आणि मिथुनची कॉलर धरली. म्हणाला, काका, कॉलर सोडा, सीईटीचा निकाल आल्ता. शीतलला चौऱ्याण्णव पर्सेंटाइल. ॲडमिशनचे कागद अपलोड करून राह्यलो. काकू काही बोलल्या न्हाई का? मागे गिऱ्हाईकं उभी, त्यात सोमेश्वर. मी म्हणालो, मला सगळं ठाऊक आहे, तुझी परीक्षा घेत होतो. आणि कॉलर नीट बसवून दिली.

मीना म्हणाली, तुमाला सांगितलं आस्तं तर तुमी सीईटीच ब्लॉक केली आस्ती. असो. मी ओटीपी दिला असता तर पोरगी इतकी पेटून उठली नसती, हे कोणी लक्षात घेत नाही. चौऱ्याण्णवात माझा वाटा आहे. कॉलेज मात्र मीच निवडणार. तक्ता पुन्हा सुरू.

२४ जुलै
तक्ता पूर्ण. मीनाला दाखवायला आत गेलो तर शीतल पेढे वाटत होती. पुण्याचं कॉलेज लागलं. पसंतीक्रम तिने कधीच भरले होते. मी फेब्रुवारीत बाद केलेल्या पाचांतलं पहिलंच. पेढा खाल्ला.

४ ऑगस्ट
शीतल गेली. आदिनाथलाही पुणेच मिळालंय, म्हणून सोमेश्वरच्याच गाडीत. हा फुकट जागा का देतो, याचा छडा लावायला हवा. बॅग मीच डिकीत ठेवली. काच खाली करून म्हणाली, पप्पा, फोन उचलत जा. गाडी वळली तरी मी तिथेच उभा होतो. दुकान आज उशिरा उघडलं.

५ ऑगस्ट
सकाळी अनोळखी नंबर. पप्पा, मी शीतल, नवीन सिम घेतलं. ही युक्ती पेपरात आली होती. मुलीच्या नावाने फोन, मग पैशांची मागणी. आवाज मात्र हुबेहूब काढला होता. ऐकून डोळ्यांत पाणी आलं, तरी फसलो नाही. ब्लॉक.

संध्याकाळी मीना ओट्यापाशी उभी राहून फोनवर हसत होती. मी नंबर पाहिला. तोच. म्हणालो, दे, मी बोलतो. तर शीतल तिकडून म्हणाली, पप्पांना म्हणावं, आधी ओटीपी सांगा. मायलेकी पोट धरून हसल्या. मीही हसलो. मग म्हणाली, जेवण करून पप्पांच्याच फोनवर लावते, बराबर बोलू.

जेवण झालं. फोन हातात घेऊन बसलोय. ब्लॉक करायला शीतलने शिकवलं होतं. काढतात कसा, ते तिला विचारायचं राहून गेलं.