बटण माझ्याकडे बघतं

सोमवार, ४ मार्च
ही वही गिऱ्हाइकांच्या मापांची. मागची पानं कोरी होती. कोणी वाचणार नाही, म्हणून लिहिते.

नातीला शाळेत दाखवून आणलं. साडेतीन वर्षांची, एवढीशी, म्हणून आम्ही तिला बटण म्हणतो. बाईंनी नाव विचारलं तर म्हणाली, छोटासा ब्रेक. मी हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, हाक मारली तरी बघत नाही, एका चित्रापाशी दोन मिनिटं टिकत नाही. दिवसभर टीव्ही असतो का घरात? मी म्हटलं, असतो, पण आम्ही कुठे बघतो.

पंधरा दिवस टीव्ही बंद, मग पुन्हा दाखवा, म्हणाल्या. बाहेर आल्यावर लेक म्हणाली, आई, फरक पडला नाही तर तिला दिवसभराच्या पाळणाघरात घालते.

उद्यापासून टीव्ही बंद. एकदा ठरवलं की ठरवलं.

मंगळवार, ५ मार्च
बंद ठेवला. सकाळी दहा ते दहा वाजून वीस.

घर एकदम मुकं झालं. हे गेल्यापासून घरात बोलतो तो टीव्हीच. एका पँटची झिप उलटी बसली. बटणाने मशीनची दोऱ्याची बॉबिनं पलंगाखाली लोटली.

बुधवार, ६ मार्च, दुपारी
तोड निघाली. आवाज बंद, चित्र चालू, फक्त माझ्यासाठी. बटणाला मशीनसमोर स्टुलावर बसवलं, तोंड माझ्याकडे, पाठ टीव्हीकडे. पाठीने कोणी टीव्ही बघतं का? शिकलेल्यांना हे सुचत नाही.

शुक्रवार, ८ मार्च
फरक पडला! बटण हललं नाही. तासभर माझ्या तोंडाकडे बघत होतं, पापणी न हलवता. दोन मिनिटं म्हणे टिकत नाही.

रविवार, १० मार्च
लेकीला सुट्टी. तिने विचारलं, टीव्ही बंद आहे ना? म्हटलं, तुझी शपथ, पोरीने चार दिवसांत टीव्हीकडे मान वळवलेली नाही. खोटं काय त्यात?

बुधवार, १३ मार्च
अजून चांगलं. मी मान खाली घालून तुरपाई करायला लागले की बटण हनुवटी धरून माझं तोंड वर करतं. चष्मा घसरला की वर ढकलतं. माझा चष्मा म्हणजे दोन बशा. किती माया पोरीला.

मधेच खुदकन हसते. माझ्या तोंडावर हसण्यासारखं काय आहे कोण जाणे.

एवढं कोणी बघितलं नव्हतं माझ्याकडे बऱ्याच वर्षांत. बरं वाटलं असावं. नक्की कळलं नाही.

शनिवार, १६ मार्च
दुपारी वीज गेली. बटण लगेच उठून गेलं. उकडत असेल.

पाळणाघराची चौकशी नको करूस, असं लेकीला ठणकावून सांगितलं. काम फत्ते आहे.

सोमवार, १८ मार्च
शाळा. बाईंनी तीन हाका मारल्या. बटण भिंतीकडे बघत होतं. चित्राचं पुस्तक दिलं, ते खाली टाकलं.

मी म्हटलं, तुमच्याकडे नाही बघणार, माझ्याकडे तास तास बघते. लेकीने मला गप्प राहायची खूण केली. बाई म्हणाल्या, बरं, दाखवा.

बटणाला समोर बसवलं. पदराने चष्मा पुसला, घातला. बघ म्हटलं आजीकडे.

तिने पाहिलं. जवळ येऊन पाहिलं. मग माझ्या काचेवर बोटाने टकटक केलं. डावीवर, मग उजवीवर. आणि स्वच्छ बोलली, आजी, चालू कर.

बाईंनी काहीतरी लिहिलं.

त्याच दिवशी, चार वाजता
बटण उद्यापासून पाळणाघरात. स्टूल उचलून ठेवलं. पलंगाखालून दोन बॉबिनं निघाली.

टीव्ही लावलाय, आवाजासकट. चष्मा काढून ठेवलाय. नुसते रंग हलतात.

बघत बसलेय.