रेवाला देवी आली

११ सप्टेंबर २०२२, रविवार
रेवाला आठवा महिना सरत आला. चालताना आधी पोट येतं, मग गाय. दिवाळीच्या आसपास विणार. यावेळी खरवस पूर्ण गल्लीत वाटायचा, आजच ठरवलं. वेलची मी घालणार. विनता सून म्हणून चांगली, पण वेलची घालताना तिचा हात आखडतो.
सकाळी दोन सरकारी माणसं आली, खांद्यावर बर्फाचा डबा. म्हणाले, अम्मा जी, लंपी फैल रहा है, गाय को टीका लगवा लो. मी विचारलं, कशाचा टीका? एक जण खरं बोलणारा निघाला. म्हणाला, है तो बकरियों वाला, पर गाय पर भी काम करता है. घ्या! माझ्या गाभण गाईला बकरीची लस! वासरू मे मे करत बाहेर आलं म्हणजे? चहा पाजला आणि परत पाठवलं. चहा चांगला झाला होता, दुसरा कप मागितला त्यांनी.

१४ सप्टेंबर, बुधवार
चिंतामणी शाळेत क्लार्क आहे, राइट टाउनात. तिथे कोणी ऐकत नाही म्हणून घरी येऊन मला समजावतो. आई, टीका काहून नाही लावू दिला? मी म्हटलं, रेवा कुठे जाते? अंगणातून हलत नाही, कोणाच्या गाईशी बोलत नाही, तिला रोग कोण आणून देणार? आजपासून बाहेरची एकही गाय फाटकाच्या आत येणार नाही. फाटकाला साखळी लावली, वर चिंतामणीच्या स्कूटरचं कुलूप. म्हणाला, अगं, हे माशा-डासांनी पसरतं, त्यांना फाटक लागत नाही. मग फाटकाच्या फटीत पोतं पण लावलं. आता बोल.
तो स्कूटर तशीच उभी करून गेला. कोणी नेली नाही.

१७ सप्टेंबर, शनिवार
रेवाने चारा टाकला. डोळ्यांत पाणी. कान गरम लागले, पण उन्हात उभी होती. मला माहीत आहे कारण. काल मी रस्त्यावरच्या गाईला पोळी दिली ते हिने पाहिलं. रुसली आहे. गूळ दिला, तोंड फिरवलं. असा राग आमच्या सासूबाईंना यायचा.

१९ सप्टेंबर, सोमवार
मानेवर गाठी. सुपारीएवढ्या. पाठीवरही. चिंतामणीचं तोंड पांढरं पडलं. मी आधी घाबरले, मग एकदम उजेड पडला. ही तर देवी! लहानपणी माझ्या आत्याला आली होती, मला सगळं पाठ आहे. नवरात्राला आठवडा आहे आणि देवी आधीच आमच्या गोठ्यात! आनंदाने डोळे भरून आले. गोहलपुरात एवढी घरं, आमचंच निवडलं.
नियम लावले. घरात फोडणी नाही. तळण नाही. चिंतामणीने दाढी करायची नाही. डॉक्टर नाही, देवी पाहुणी असते, तिला औषध दाखवून हाकलत नाहीत. गोठ्यात कडुलिंब बांधला. दुपारी ऑटो करून बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून लाल चुनरी आणली, दोन मीटर. दुकानदार म्हणाला, छोटी मूर्ती के लिए एक मीटर बहुत है. मी म्हटलं, भैया, हमारी देवी साढ़े चार क्विंटल की है.

२० सप्टेंबर, मंगळवार
हळदीकुंकू झालं. विनता म्हणाली, आई, पितृपक्ष चालू आहे. मी म्हटलं, देवी काय पंचांग पाहून येते? अकरा बाया आल्या. शेजारची हेमलता तर आपली चंपाच घेऊन आली. म्हणाली, काकू, आमच्या गाईलाही जरा आशीर्वाद मिळू द्या. दर्शनाला आलेल्याला फाटक कसं बंद करणार? कुलूप काढलं. तासभर दोघी शेजारी उभ्या होत्या. फार शोभल्या. माशासुद्धा एकीच्या अंगावरून दुसरीच्या अंगावर प्रसाद वाटत फिरून राहिल्या होत्या.
रेवा खाली बसली नाही. पाहुण्यांसमोर संकोच.

२२ सप्टेंबर, गुरुवार
पाय सुजले. आत्याचे सुजले नव्हते. पण आत्या माणूस होती.
मीराने मोबाईल पुढे धरला. माझी नात मराठी समजते, बोलते हिंदी. आजी, ये वायरस है, मक्खी-मच्छर से फैलता है, लिखा है देखो. मी म्हटलं, देवी सिंहावर बसून येते, माशीवर कशाला येईल? मीरा म्हणाली, तो सिंह को बोलो इसको ठीक करे. मला हसू आलं. मग नाही आलं.
चार दिवस बिनफोडणीचं वरण. चिंतामणी दाढीत साधू दिसतो. काल त्याच्या तोंडाला समोशाचा वास होता. देवीला कळलं असणार, म्हणूनच पाय सुजले. हेमलतालाही तेच सांगितलं.

२४ सप्टेंबर, शनिवार
गाठी फुटल्या. लिहीत नाही.
डॉक्टर आले. मी बोलावले नाहीत, चिंतामणीने बोलावले, म्हणून नियम मोडला नाही. भले गृहस्थ. जखमा धुतल्या, तापाची सुई दिली, मला खुर्चीवर बसवलं. म्हणाले, अम्मा जी, वायरस की दवा नहीं होती, हम बस बुखार उतार सकते हैं. टीका लगा होता तो बच जाती. मी विचारलं, आता लावा ना, बकरीचा चालेल. म्हणाले, अब नहीं लगता.
त्यांनी विचारलं, जवळ दुसरी कोणती गाय आली होती का. मी नाही म्हटलं. म्हणजे मुद्दाम आली नव्हती, दर्शनाला आली होती.

२५ सप्टेंबर, रविवार
सकाळी वासरू पडलं. पूर्ण दिवसांचं नव्हतं. गोऱ्हा होता. रेवा चाटत राहिली. मी पोतं टाकलं त्याच्यावर, तिने नाकाने बाजूला केलं.

२७ सप्टेंबर, मंगळवार
दुपारी दोनला गेली. मी मानेखाली हात धरून बसले होते, वाटलं, धरून ठेवलं तर राहील.
नगर निगमची गाडी आली. खोल खड्डा, चुना, मीठ. चुनरी काढू दिली नाही मी.
विनताने न सांगता वरणाला फोडणी दिली. सगळे जेवले.

३ ऑक्टोबर, सोमवार, अष्टमी
हेमलता धावत आली, चेहरा कसा फुललेला. काकू, काकू, आमच्या चंपालाही देवी आली! मानेवर बघा, अगदी रेवासारखी! सांगा, काय काय करायचं?
मी सांगितलं. हेमलता, ही देवी नाही, रोग आहे, माशांनी पसरतो, माझ्याच अंगणातून गेला. आत्ताच्या आत्ता डॉक्टर बोलाव, जाळी लाव, बायांना बोलावू नको. हात जोडले तिच्यापुढे.
तिने माझे जोडलेले हात धरले. म्हणाली, रेवा गेल्याने तुमच्या मनाला लागलं काकू, असं बोलू नये, देवी ऐकते. तुमच्याकडे तेवढं समोशाचं चुकलं. आमचे हे तर मला विचारल्याशिवाय पाणी पीत नाहीत.
डॉक्टरांचा मोबाईल नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिला. तिने दोन्ही हातांनी घेतला. कपाळाला लावला. बरं वाटलं मला, ऐकलं म्हणून.
आता खिडकीतून पाहिलं. कागदाची घडी करून, लाल दोऱ्यात गुंडाळून, चंपाच्या गळ्यात बांधून राहिली आहे.