गाजररावांचा उपास

७ जुलै २०२०, मंगळवार
बुइटनव्हेल्डर्ट

आज पुन्हा नाही! चिमट्यात धरून अगदी तोंडापाशी नेलं. जीभ दोनदा आत-बाहेर केली आणि मान फिरवली. लग्नाच्या पंगतीत रुसलेल्या व्याह्याने जिलबीकडे बघून फिरवावी तशी! मी मनात म्हटलं, शाब्बास!

मनातच. उघड म्हणायची सोय नाही. घरात सुतकी कळा आहे. शनिवारी ईशानीचा, नातीचा, दहावा वाढदिवस झाला. या कोरोनापायी मैत्रिणी बोलवायच्या नाहीत, सहल नाही, म्हणून प्रतापने लेकीला काय आणून द्यावं? साप! बिनविषारी, वीतभर लांब, पेन्सिलीएवढा जाड आणि गाजराच्या रंगाचा. ईशानीने नाव ठेवलं वॉर्टल. इथल्या डच भाषेत गाजरच ते. मी गाजरराव म्हणतो. राहायला हा एवढा काचेचा महाल! आत दिवा, खोटी पानं, खोटा खडक. खायला उंदराची इवलीशी गुलाबी पिल्लं, बर्फात गोठवलेली. ती फ्रीजरमध्ये ओल्या नारळाच्या शेजारी. सूनबाईंनी — मीनलने — तेव्हापासून नारळ घालायचाच सोडलाय.

"हाय एत नीत, आबा," ईशानी रडवेली. खात नाही म्हणते.

म्हटलं, खाईल. नवीन घर आहे. मीसुद्धा इथे आलो तेव्हा आठ दिवस धड जेवलो नव्हतो.

१० जुलै

नाही. पिल्लू गरम पाण्यात सोडून कोमट केलं, टिपलं, पुढे धरलं. मी! ज्याने जन्मात अंडं फोडलं नाही, त्याने.

१२ जुलै, रविवार

जेवताना प्रतापने परत तोच विषय काढला. "बाबा, व्हिसा अजून वाढवून मागतो. तिकडचे आकडे बघताय ना? वाईत एकटे काय करणार तुम्ही?"

"आजवर करत आलो तेच."

"शुगर आहे तुम्हाला."

"ती इथेही माझ्याबरोबरच आलीये."

मीनलची नजर माझ्या ताटात. "बाबा, दीडच पोळी? काल दोन घेतल्या होत्या." ईशानी बघतेय, प्रताप बघतोय. हातातला घास तोंडापर्यंत जाईस्तोवर गार झाला.

फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी म्हणून आलो. मार्चमध्ये विमानं बंद. आता सरकारी विमानं सुटतायत, वकिलातीच्या यादीत नाव घालायचं की झालं. पण नाही. "दिवाळीनंतर बघू." बघू म्हणे! मी काय अडकलेलं पार्सल आहे?

मी जाणार. दोन का असेनात, खोल्या आहेत माझ्या. शोभा, प्रतापची आई, गेली तरी फडताळात डबे तिने लावलेत तसेच आहेत. खिडकीखाली ट्रंक. ट्रंकेत दुसरीपासून अकरावीपर्यंतची मराठीची पुस्तकं. दुपारी एक काढावं, आडवं व्हावं, कविता चालीवर म्हणावी. आवाज फाटला तर शेजारचा रमेश भिंतीवर टकटक करतो — तेवढीच दाद! इथे भिंतीपलीकडे कोण राहतं तेसुद्धा पाच महिन्यांत कळलेलं नाही.

१५ जुलै

शाळेतल्या मराठीच्या मास्तरांची आठवण झाली. हात मागे बांधून बाकांमधून फिरायचे. "ओरडू नका रे, आळवा! आळवलं की दगडसुद्धा ऐकतो." साठ-पासष्ट वर्षं झाली, पण ती चाल अजून गळ्यात आहे. मग गाजररावांनाच का नाही आळवून बघायचं? खुर्ची काचेला लावली, चिमटा पुढे केला, स्वतःच जुळवून म्हटलं —

गाजररावा, रुसू नका हो,
दगडामागे बसू नका हो,
एक घास हा — एवढाच हो! —
मग आम्हांला पुसू नका हो!

सकाळी म्हटलं, दुपारी म्हटलं. ते दगडामागे गेले. ईशानीला मात्र पाठ झालं.

१८ जुलै, शनिवार

आता बरगडीची रेघ दिसायला लागली. ईशानी रात्री मीनलजवळ झोपते म्हणे.

प्रतापने दुकानात फोन केला. मग हळूच मला म्हणाला, "पुढच्या शनिवारपर्यंत बघायचं. नाही खाल्लं तर परत नेऊन देतो. तिच्यासमोर मेला तर फार लागेल हो तिला."

"परत नेल्यावर ते काय करतील त्याचं?"

"बाबा, ते नका विचारू."

विचारणार! आणि नेऊ देणार नाही. काचेवर हात ठेवून सांगितलं त्याला, माझ्या अंगावरून न्यावं लागेल. प्रताप म्हणाला, "आईसारखं बोलायला लागलात." बरं झालं. कुणीतरी बोलायलाच हवं तिच्यासारखं.

२१ जुलै

आज भडकाच उडाला. मीनल जेवणाच्या टेबलावर मीटिंगमध्ये. मी पलीकडे गाजररावांना आळवतोय. जरा चढ्या सुरात, कबूल. ती एकदम वळली.

"बाबा, उठा बघू तिथून! सारखं नाकाशी जाऊन बसायचं, गाणी म्हणायची, पुढ्यात घास नाचवायचा... अहो, मला कुणी असं केलं तर मलासुद्धा गिळवणार नाही!"

मीही सोडलं नाही. "मग रोज माझ्या पोळ्या कोण मोजतं?"

आणि तिच्या कॉम्प्युटरमधून कुणीतरी खो-खो हसलं. माइक चालू राहिला होता. तिच्या ऑफिसातला तो पुण्याचा निहार!

दिवसभर एकमेकांशी बोललो नाही. पण संध्याकाळी मी खुर्ची काचेपासून उचलली. तिने म्हटलं म्हणून नव्हे. मला वाटलं म्हणून.

२३ जुलै

खुर्ची लांबच. चिमटा हातात घेतला नाही. हात शिवशिवतो.

२५ जुलै, शनिवार

प्रताप सकाळीच गाडीची किल्ली घेऊन उभा. मी महालासमोर. ईशानी माझ्या सदऱ्याला धरून. आणि स्वयंपाकघरातून मीनल आली, हाताला पुरण लागलेलं.

"कुठे निघालास?"

"दुकानात. ठरलंय ना आपलं?"

"आज नागपंचमी आहे. आज सापाला घराबाहेर काढतोस?"

"अगं, अमेरिकन जात आहे ती! त्याला कुठली पंचमी?"

"त्याला नसेल. मला आहे!"

किल्ली परत खुंटीला. मी सूनबाईंकडे बघितलं. तिने नाही बघितलं.

आज घरात सुरी नाही, तवा नाही. उकडलेली दिंडं. साताऱ्याहून थोरल्या बहिणीचा, जयंतीअक्काचा, फोन — "दूध ठेवलंस ना रे पुढ्यात?" म्हटलं, अक्का, साप दूध पीत नाहीत. "तुला फार कळतं!" फोन ठेवून दिला तिने.

जेवणं झाल्यावर सुचलं. एवढा महाल, चहूबाजूंनी काच, काचेमागे आम्ही. वीतभर जिवाने जेवावं कुठे? माझ्या औषधांचा पुठ्ठ्याचा खोका रिकामा केला. तळाला कागद, कागदावर कोमट पिल्लू, शेजारी गाजरराव. झाकण लावलं, खोका महालातच ठेवला, दिवा घालवला, वर माझा पंचा टाकला. कविता नाही. एक अक्षर नाही. श्रावणात या हातांनी हे करतोय! शोभाने आंघोळीला पिटाळलं असतं.

ईशानीला घेऊन कालव्यापर्यंत चालून आलो. दोनदा म्हणाली, परत जाऊन बघू या? म्हटलं, नाही.

२६ जुलै

खोका उघडला. कोपऱ्यात वेटोळं. पोटाच्या मध्यावर ही एवढी गाठ. पिल्लू नाही!

"आबा, खाल्लं! त्याने खाल्लं!" ईशानी चक्क मराठीत ओरडली. प्रताप फोटो काढायला धावला. मीनलने झाकण लावून टाकलं. "पुरे. झोपू दे त्याला."

रात्री पोळ्यांचा डबा टेबलाच्या मध्ये उघडा ठेवून दिला तिने आणि प्रतापशी कसल्याशा बिलाबद्दल बोलत बसली. मी किती घेतल्या कोण जाणे.

३० जुलै

दुसरं पिल्लूही खाल्लं. खोक्यातच. उघड्या महालात खायचं नाव नाही. बाणा आहे!

१ ऑगस्ट, शनिवार

दुपारी जरा डोळा लागला होता. उठून बघतो तर पलंगाच्या कडेला माझी निळी बॅग, उघडी. आत तेरा तारखेचं, माझ्या परतीच्या विमानाचं तिकीट, बाकी काही नाही. मीनल उंबऱ्यात उभी होती. मी तोंड उघडायच्या आत तिने दार ओढून घेतलं आणि गेली.